जांभळ्या बोटांच्या प्रमिलाताई

चि. मीरा आणि चि. ईशान,

मागच्या रविवारी फोनवर मीरा म्हणाली, "आजी, मी प्रयोगशाळेत काय करते ते सांगून तुला कळणार नाही गं. ग्लायकोपेप्टाइड म्हणतात त्याला." त्यावर मागून ईशानचा आवाज आला, "आजीला इंग्रजी कवितेपलीकडे काही येत नाही." मी तेव्हा गप्प बसले, कारण तुमच्या आजोबांनी गॅसवर ठेवलेला चहा उतू जात होता. पण फोन ठेवल्यावर मी फ्रीजर उघडला, मटाराच्या पिशवीमागे हात घातला आणि हवी ती वस्तू जागेवर आहे याची खात्री करून घेतली. मग टेबलाशी बसून हे लिहायला घेतलं.

ग्लायकोपेप्टाइड म्हणजे साखर लावलेली पेप्टाइडची माळ. ही साखर कशासाठी लावतात, कशी लावतात आणि घाई केली तर ती कशी गळून पडते, हे सगळं मला माहीत आहे. तुम्हा दोघांनाही माहीत असायला हवं, कारण तो धडा आपल्याच घरात झाला होता आणि तुम्ही दोघंही हजर होता. ईशान तर त्या धड्यातलं साधनच होता. तुम्हाला आठवत नसणार. म्हणून प्रमिलाताईंविषयी सांगते.

मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे, ते तुम्ही जाणता. माझ्या स्वयंपाकघरात जिऱ्यानंतर धने आणि धन्यांनंतर बडीशेप. पण प्रमिलाताईंचं क्रमाने सांगता येत नाही. त्या स्वतःच कधी क्रमाने आल्या नाहीत. बोलायला सुरुवात दाराबाहेर करायच्या, चप्पल स्वयंपाकघरापाशी काढायच्या आणि बेल जाताना वाजवायच्या.

डॉ. प्रमिला कदम आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी इंग्रजी. कंपू मोहल्ल्यात आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांची म्हातारी आई. कदमांचे पूर्वज फौजेबरोबर घोड्यावरून दक्षिणेतून इकडे ग्वाल्हेरला आले, असं त्यांच्याकडे अभिमानाने सांगत. त्या काळातली एक तलवार बैठकीत खुंटीला टांगलेली होती. प्रमिलाताई तिच्यावर ओले हातरुमाल वाळत घालायच्या. म्हणायच्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कामाला आली आहे."

ठेंगणा बांधा, आवाज मात्र मैदानात घुमावा असा. साडीचा पदर कपडे वाळत घालायच्या चिमट्याने खोचलेला. अंगातल्या पांढऱ्या कोटाला ॲसिडने पडलेली भोकं. आणि उजव्या हाताची बोटं जांभळी. बाराही महिने जांभळी, नुकतीच जांभळं खाऊन आल्यासारखी.

त्याचं कारण निनहायड्रिन नावाचं रसायन. मीरा, तू ओळखशीलच. ईशानसाठी सांगते. प्रमिलाताई लहान लहान मणी एकापुढे एक जोडून माळ बनवायच्या. त्या मण्यांना म्हणायचं अमिनो आम्लं आणि माळेला पेप्टाइड. एक मणी जोडला की तो नीट जोडला गेला की नाही, हे बघायला थोडा नमुना काढून त्यावर या रसायनाचे थेंब टाकायचे. निळं झालं तर काम अर्धवट, नाही झालं तर पुढचा मणी. हे रसायन हाताला लागलं की काही वेळाने जांभळा डाग उमटतो आणि तो साबणाला दाद देत नाही. हातमोजे होते. पण प्रमिलाताई ते एकाच हातात घालायच्या. दुसरा हात चहासाठी मोकळा लागतो, असं त्यांचं म्हणणं. हे तू करू नकोस, मीरा.

या बोटांवरून त्यांच्या तरुणपणीची एक गोष्ट त्या दर हळदीकुंकवाला सांगत, आणि दर वेळी कुणीतरी नव्याने हसून लोटपोट होई. इंदूरचं स्थळ बघायला आलं होतं. मुलगा बरा होता, पण लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल, हे मुलाच्या आईने पोह्यांच्या आधीच सांगून टाकलं. मग तिने मुलीचा हात हातात घेतला आणि दचकली.

"अगंबाई, हे काय झालं बोटांना?"

"काही नाही काकू," प्रमिलाताई खाली बघून म्हणाल्या, "फक्त घरातल्यांनाच होतं. बाहेरच्यांना नाही लागत."

इंदूरची मंडळी पोहे तसेच टाकून उठली. "आईने आठवडाभर अबोला धरला," प्रमिलाताई सांगायच्या, "आणि पोहे वाया जाऊ नयेत म्हणून मी सगळे खाल्ले."

त्या रागावल्या की हिंदीत बोलत, खूश असल्या की मराठीत, आणि इंग्रजी फक्त माझ्याशी भांडण्यापुरती वापरत. कारण त्यांच्या शोधनिबंधांची इंग्रजी मी तपासायची. एका निबंधात त्यांनी लिहिलं होतं, पेप्टाइडने शेवटपर्यंत ऐकलं नाही. मी ते खोडलं आणि तिथे रीतसर वाक्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी कागद परत आला. माझं वाक्य खोडलेलं, त्यांचं पुन्हा जागेवर.

"ताई, शास्त्राच्या निबंधात असं लिहीत नाहीत," मी म्हटलं.

"पण ऐकलं नाहीच ना ते, वहिनी. मी तिथे होते. तुम्ही होता का?"

आता त्या करत काय होत्या ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्यांच्या आईला कंबरेचं जुनं दुखणं होतं. "गोळी दिली की आई दिवसभर झोपते, नाही दिली की दिवसभर कण्हते," त्या एकदा मला म्हणाल्या. "यात तिसरं काही असायला पाहिजे की नाही?" तिसरं काही शरीरातच असतं. दुखणं दाबणारी एक छोटीशी माळ शरीर आपणहून बनवतं. पण रक्तातले एन्झाइम कात्र्यांसारखे तिच्यावर तुटून पडतात आणि ती कामाला लागायच्या आत तिचे तुकडे होतात. "स्वतःच बनवायचं आणि स्वतःच कापायचं. आता बोला." प्रमिलाताईंचा इलाज असा, की माळेतल्या एका मण्याला साखर लटकवायची. साखरेचा बोजा मध्ये आला की कात्रीला आत शिरायला जागा मिळत नाही. माळ टिकते. "आमच्या पूर्वजांनी किल्ल्यावर पहारा दिला," त्या म्हणायच्या, "मी माळेवर बसवते."

हे सगळं चालायचं एका खोलीत. एक टेबल, मणी घुसळणारं एक खडखडणारं यंत्र आणि एक फ्रीजर. त्या खोलीवर विभागप्रमुखांचा डोळा होता. त्यांना आपण भदौरियाजी म्हणू. तिथे त्यांना कंप्यूटर लावायचे होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा हिशेब सरळ होता. इतकी वर्षं मैडम साखर चिकटवून राहिल्या आहेत, आणि दाखवायला काही नाही. प्रमिलाताईंची निवृत्ती दिसायला लागली होती. खोली गेली तर अर्धवट माळ मोरीत जाणार आणि ती पुन्हा कुणी बनवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. थट्टा त्या सगळ्या जगाची करायच्या. त्या माळेची करताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

भदौरियाजींचं आणि त्यांचं नातं समजायला गजकेचं प्रकरण सांगावं लागेल. थंडीत प्रमिलाताई पडावच्या बाजारातून गजक, म्हणजे तिळगुळाच्या कुरकुरीत वड्या, आणून टेबलाच्या खणात ठेवायच्या. एका वर्षी डब्यातली गजक रोज दुपारी थोडी थोडी कमी व्हायला लागली. संशय सगळ्यांवर, पुरावा कुणावर नाही.  प्रमिलाताईंनी डबा कोऱ्या पांढऱ्या कागदात गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी गजक कमी झाली तेव्हा तो कागद त्या आपल्या घरी घेऊन आल्या.

"वहिनी, इस्त्री गरम करा."

"कशाला?"

"चोर इस्त्री करायचा आहे."

बोटांच्या घामात थोडी अमिनो आम्लं असतात, म्हणजे त्यांच्या माळेचेच मणी. कागदावर त्यांनी निनहायड्रिन शिंपडलं, वरून दुसरा कागद ठेवून इस्त्री फिरवली, आणि माझ्या टेबलावर हळूहळू एक भला मोठा जांभळा अंगठा उमटला. त्या अंगठ्याच्या मधोमध एक तिरकी रेघ होती. ती रेघ सगळ्या कॉलेजाला माहीत होती. लहानपणी गावाकडे चारा कापायच्या यंत्रात आपला अंगठा कसा सापडला, हे भदौरियाजी प्रत्येक समारंभात सांगत आणि वर करून दाखवत.

दुसऱ्या कुणी तो कागद नाचवला असता. प्रमिलाताईंनी त्याला काचेची फ्रेम करून घेतली आणि आपल्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याला बरोबर समोर दिसेल अशी टांगली. भदौरियाजी आले. बराच वेळ बघत उभे राहिले.

"ये क्या लगाया है, मैडम?"

"मॉडर्न आर्ट है, सर."

"अच्छा," ते म्हणाले आणि उजवा हात पँटच्या खिशात घातला. पुढच्या सोमवारी प्रमिलाताईंच्या टेबलावर गजकेचा एक नवा डबा होता, त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. पण त्या खोलीत भदौरियाजींचा उजवा हात मी नंतर कधी पाहिला नाही.

एवढं असूनही खोलीचा हट्ट त्यांनी सोडला नाही, हेही सांगायला हवं. दिवाळीच्या सुट्टीआधी एका दुपारी मी तपासलेला निबंध परत द्यायला गेले होते. प्रमिलाताईंची माळ पूर्ण झाली होती. साखर लावलेली, सगळे मणी जागच्या जागी. फक्त शेवटची पायरी उरली होती. साखरेचे हात भलतीकडे चिकटू नयेत म्हणून काम चालू असताना तिच्यावर टोप्या घालून ठेवतात. शेवटी त्या टोप्या सौम्य अल्कलीने काढायच्या असतात. गारव्यात, थेंब थेंब, वाट बघत. त्याच वेळी भदौरियाजी एका सुताराला घेऊन आत आले. सुताराने खिशातून टेप काढला आणि भिंतीला लावला.

"बाईजी, जरा ये बोतलें हटा लीजिए, नाप लेना है."

प्रमिलाताईंनी टेपकडे पाहिलं. भदौरियाजींकडे पाहिलं. मग हातातली अल्कलीची बाटली सरळ त्या भांड्यात पालथी केली. नाप घेऊन होण्याआधी आपलं काम संपवून दाखवायचं होतं त्यांना.

टोप्या निघाल्या. त्यांच्या मागोमाग साखरही गळाली. विभागात एक जुनं यंत्र होतं. अखंड माळ असली की ते कागदावर उंच सुळका काढायचं. त्या दिवशी सुळका उमटला, पण भलत्या जागी. नुसत्या बोडक्या माळेचा.

"टोपी काढायला गेले," प्रमिलाताई मला म्हणाल्या, "आणि डोकंच काढलं."

भदौरियाजी अजून तिथेच होते. "क्या हुआ मैडम?"

"चीनी गिर गई, सर."

"सारी?"

"सारी."

ते हसणार होते. त्यांचं तोंड तसं उघडलंही होतं. पण प्रमिलाताईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला होता आणि तो पुसून संपत नव्हता. भदौरियाजींनी सुताराला टेप गुंडाळायला सांगितलं. दारात थांबून म्हणाले, "सेशन के आखिर तक कमरा आपका. उसके बाद टेप फिर आएगा."

प्रमिलाताईंनी पहिल्या मण्यापासून पुन्हा सुरुवात केली. कॉलेजात कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पहिली जरा फिकी झाली होती, म्हणून दुसरी करते आहे."

मग संक्रांत आली आणि ईशानचं बोरन्हाण आलं. आता तुमचा भाग.

इथल्या मराठी घरांत हलव्याच्या दागिन्यांसाठी प्रमिलाताईंना बोलावणं असायचं. कारण काटेरी हलवा त्यांच्यासारखा कुणाला जमत नसे. साबुदाणा, खसखस, बदाम असं काहीबाही मंद आचेवर परातीत घ्यायचं, त्यावर पाकाचा एक थेंब सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. तो थेंब वाळला की दुसरा. पाक एकदम ओतला की गोळा होतो. धीर धरला तर प्रत्येक दाण्यावर साखरेचे बारीक काटे उभे राहतात. धीर धरायला प्रमिलाताईंची स्वतःची युक्ती होती. एक थेंब टाकायचा आणि आरतीचं एक कडवं म्हणायचं. कडवं संपलं की पुढचा थेंब. आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. शेजारचे लोक घरात काही तरी मोठा पूजापाठ चालला आहे, असं समजून हात जोडून जायचे.

त्या दिवशी त्या आपल्या स्वयंपाकघरात शेगडीपुढे बसल्या होत्या. मीरा, तू स्टुलावर बसून तयार हलवा पळवत होतीस. आरतीच्या मध्येच त्या थांबल्या. हातातली पळी तशीच अधांतरी.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "मी गाढव आहे."

"का हो?"

"वीस लोकांच्या नातवंडांच्या हलव्यासाठी मला धीर आहे. माझ्या स्वतःच्या माळेसाठी नव्हता."

मग त्या पुन्हा आरतीला लागल्या, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

बायका जमल्यावर कुणीतरी विचारलं, प्रमिलाताई, तुमची ती साखरेची माळ म्हणजे आहे तरी काय. प्रमिलाताईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि काळं झबलं घालून बसलेला ईशान उचलून मांडीवर घेतला. त्याला तेव्हा नुकते पुढचे दात आले होते आणि दिसेल ते तो चावायचा. "हा आपला एन्झाइम," त्या म्हणाल्या. मखाण्यांची एक माळ दोन्ही टोकांना घट्ट धरून त्यांनी त्याच्यासमोर आणली. एन्झाइमने ती मधोमध पकडली आणि क्षणात दोरा, मखाणे, लाळ सगळं एक करून टाकलं. "ही बिनसाखरेची." मग दुसरी माळ आणली. हिच्यात मध्यावर, जिथे तो चावायचा तिथेच, मोठे काटेरी बदामी हलवे लटकवले होते. ईशानने पुन्हा तोंड घातलं. काटे हिरड्यांना टोचले. त्याने डोळे बारीक केले, ओठ वाकडे केले आणि तोंड फिरवलं.

"बघा, एन्झाइमने नाद सोडला," प्रमिलाताई म्हणाल्या. "आता ही माळ सुखाने आपलं काम करणार."

"पण मुलगा रडतोय ना," त्यांची आई भिंतीला टेकून म्हणाली.

"आई, शास्त्रात कुणीतरी रडतंच."

पुढे एन्झाइमला बोरं आणि चुरमुऱ्यांनी आंघोळ घालण्यात आली आणि तो शांत झाला. त्या दिवसाच्या फोटोत, ईशान, तू रागाने ज्या बाईंकडे बघतो आहेस, त्या प्रमिलाताई.

सेशन संपत आलं तेव्हा दुसरी माळ तयार झाली. शेवटच्या पायरीच्या दिवशी कॉलेजात एक वेगळाच प्रकार झाला. त्या खोलीतून आरतीचा आवाज येऊ लागला. एक थेंब, एक कडवं. मुलं बाहेर जमली. काहींनी बूट काढले. भदौरियाजी ओरडायला म्हणून आले. दारात बुटांची रांग दिसल्यावर त्यांनीही सवयीने आपले बूट काढले आणि हात जोडून उभे राहिले. शेवटचं कडवं झाल्यावर प्रमिलाताईंनी दार उघडलं.

"प्रसाद?" एका मुलाने विचारलं.

"टोप्या निघाल्या," त्या म्हणाल्या. "चीनी जागेवर आहे. प्रसाद उद्या."

कारण खरी परीक्षा अजून व्हायची होती. त्यांनी दोन काचेच्या नळ्या घेतल्या. एकीत साधी माळ, दुसरीत साखरेची. दोन्हींत एन्झाइम घातला. त्याला शरीराइतकी ऊब लागते. त्यासाठी वेगळं यंत्र असतं, पण त्यांनी ते मागितलं नाही. एप्रिलमध्ये ग्वाल्हेरच्या कुठल्याही बंद खोलीत ती ऊब असतेच, आणि दोन्ही नळ्या एकाच कपाटात राहणार होत्या. नळ्या घेऊन त्या भदौरियाजींच्या खोलीत गेल्या.

"उद्या सकाळपर्यंत तुमच्या अलमारीत ठेवा, सर. कुलूप तुमचं, किल्ली तुमची. मागाहून कुणी म्हणायला नको की मैडमने काही केलं."

भदौरियाजींना हे अनपेक्षित होतं. "मुझ पर इतना भरोसा है?"

"आपके अंगूठे पर तो पूरा है, सर."

त्यांनी नळ्या घेतल्या. डाव्या हाताने.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पहिला तास मोकळा होता, म्हणून मी गेले. भदौरियाजींनी स्वतः नळ्या आणल्या. आधी साध्या माळेचा नमुना यंत्रात गेला. कागदावर बारीक बारीक खुंट उमटले, कापलेल्या शेतासारखे. सगळे तुकडे. मग साखरेचा. प्रमिलाताई त्या वेळी कागदाकडे बघत नव्हत्या. त्या भिंतीवरच्या अंगठ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. कुठलं कडवं होतं कुणास ठाऊक.

यंत्राची लेखणी वर चढत गेली. वर, आणखी वर, आणि खाली आली. एकच सुळका. बरोबर जागेवर.

 भदौरियाजींनी कागद हातात घेतला, खिडकीपाशी नेला, उलटा करून पाहिला, आणि हे करताना उजवा अंगठा सगळ्यांसमोर बाहेर आला तरी त्यांना भान नव्हतं.

"टूटा नहीं," ते म्हणाले.

"नहीं सर."

"तो कमरा आपका, मैडम. रिटायरमेंट तक. बस, वो तस्वीर उतार दीजिए."

"आर्ट है सर, कैसे उतारें?"

नंतर तोच सुतार तोच टेप घेऊन आला आणि त्या खोलीत त्याने प्रमिलाताईंच्या बाटल्यांसाठी फळ्या ठोकल्या. पैसे विभागाने दिले.

मीरा, तू विचारशील की त्या माळेचं औषध झालं का. नाही झालं. नळीत टिकणं आणि माणसाच्या अंगात जाऊन दुखणं थांबवणं यात फार मोठं अंतर असतं, आणि तेवढं अंतर एका खोलीत कापता येत नाही. निबंध छापून आला. 'पेप्टाइडने एन्झाइमला दाद दिली नाही' असं वाक्य त्यात होतं. ते मी खोडलं नाही. त्यांच्या आईचं दुखणं आईबरोबरच गेलं. त्या वेळी प्रमिलाताई मला म्हणाल्या, "आईला मी एवढंच सांगू शकले की रस्ता आहे." आणि नाक शिंकरून चहा मागितला.

निवृत्तीच्या दिवशी त्या हार, नारळ आणि बर्फाने भरलेला थर्मास घेऊन आपल्याकडे आल्या. थर्मासमध्ये एक छोटी काचेची कुपी होती, तळाशी पांढरी पूड.

"वहिनी, तुमच्या फ्रीजरात जरा जागा द्या. माझ्या घरात नीटनेटकं काही राहत नाही. तुमच्याकडे जिरंसुद्धा रांगेत उभं असतं."

आजोबा घाबरले. "अहो, हे चुकून उसळीत पडलं तर?"

"भाऊजी, तर मला पुन्हा पहिल्या मण्यापासून बसावं लागेल," त्या म्हणाल्या आणि कुपीवर कागद चिकटवला. खाऊ नये, विशेषतः भाऊजींनी.

पुढे एकटीने राहणं झेपेना, तेव्हा त्या पुण्याला भाच्याकडे जायला निघाल्या. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. जानेवारीतलं धुकं, गाडीचा पत्ता नाही. त्या ट्रंकेवर बसून गजक खात होत्या. ट्रंकेतून तलवारीची मूठ बाहेर आलेली, तिला हातरुमाल बांधलेला. बोटं तोपर्यंत स्वच्छ झाली होती आणि ती मला कुणा दुसऱ्याचीच वाटत होती. गाडी आली. डब्यात चढल्यावर त्यांनी खिडकीतून मला निरोपाचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. गाडी हलली. धुक्यात त्या दिसेनाशा झाल्या, पण आवाज सबंध फलाटावर आला, "लाइट गेली की फ्रीज उघडू नका."

पुण्याहून फोन आला की आधी हाच प्रश्न असायचा, लाइट किती वेळ गेली होती. आमची तब्येत त्यानंतर. शेवटी मी इन्व्हर्टर घेतला. आजोबा अजून समजतात की तो त्यांच्या क्रिकेटसाठी घेतला.

प्रमिलाताई गेल्याला आता दोन हिवाळे झाले. त्यांची खोली आज कंप्यूटरची खोली आहे. फळ्यांवर तारा आणि खोकी आहेत. अंगठ्याची फ्रेम त्या मला देऊन गेल्या होत्या. ती माझ्या कपाटात आहे, पण जांभळा रंग उडत उडत आता नुसती पिवळट सावली उरली आहे, आणि ती तिरकी रेघ शोधावी लागते.

मागच्या महिन्यात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, जी आता त्याच विभागात शिकवते, घरी आली होती. मी तिला कुपीतली चिमूटभर पूड दिली आणि तपासायला सांगितलं. तिने आलेखाचा कागद आणून दिला. तो मी या पत्रासोबत पाठवते आहे. मीरा, तुला तो माझ्यापेक्षा नीट वाचता येईल. त्यावर एकच सुळका आहे.

कुपी मटाराच्या पिशवीमागे आहे. साखर जागेवर आहे.

तुमची,
आजी